पुरुषाच्या पायी चाळ



राज्यकारभार, अर्थव्यवहार, तत्त्वज्ञान, संतवाङ्मय अशा भारदस्त विषयांची सवय असलेल्या या व्यासपीठावर 'पुरुषाने नृत्य करावे काय?' हा प्रश्न कोणी मांडू लागला, तर तो काहींना हलका वाटेल. पण ज्या प्रश्नापायी घराघरांतून जेवत्या ताटावर अबोला धरला जातो, तो प्रश्न हलका म्हणता येत नाही. 'मला नृत्य शिकायचे आहे' असे मुलीने म्हटले, तर आज बहुतेक मध्यमवर्गीय घरांत आईबाप वर्गाची चौकशी करू लागतात. तेच वाक्य मुलाने उच्चारले, की घरातली माणसे आधी हसतात, मग गप्प बसतात आणि शेवटी म्हणतात, 'त्यापेक्षा तबला शीक.' तबला ही थोर विद्या आहे, तिच्याविषयी तक्रार नाही. माझी तक्रार त्या 'त्यापेक्षा' या शब्दाविषयी आहे. त्या एका शब्दात मुलाला कळून चुकते, की आपल्याला जे हवेसे वाटले, त्यात काही तरी लाजिरवाणे आहे. ही लाज आली कोठून, ती खरी आहे काय आणि तिला उत्तर द्यायचे ते कोणते, एवढ्याच तीन गोष्टींचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम एक साधी गोष्ट पाहू. आपला पुरुष नाचत नाही, असे मुळीच नाही. शाळेच्या पटांगणावर तो लेझीम घेऊन नाचतो, दिंडीत टाळ घेऊन नाचतो, गणपतीच्या मिरवणुकीत तर इतका नाचतो, की वाहतूक थांबवावी लागते. धनगरांचे गजनृत्य पुरुषांचे आहे. गौरीगणपतीच्या दिवसांत रत्नागिरीकडे जाखडी रंगते, तीत पायात चाळ बांधून रात्र जागवणारे गडी दिवसा शेतावर राबणारेच असतात. पण भाषेची गंमत पाहा. लेझीम आपण 'खेळतो', पावली 'खेळतो', कोकणातल्या नमनाच्या मंडळींना तर 'खेळे' असेच नाव पडले आहे. 'नाच' या शब्दाला आपण 'खेळ' या शब्दाचा आडोसा केला आहे. समूहात, सणाला, देवाच्या नावाने नाचलेले चालते. एकट्याने, शिकून, रंगमंचावर आणि 'हे माझे काम आहे' असे म्हणून नाचलेले मात्र चालत नाही. म्हणजे आक्षेप पुरुषाच्या नाचण्याला नसून, त्याने नृत्य मनावर घेण्याला आहे.

कोणी म्हणेल, आक्षेपाला शास्त्राचा आधार आहे. तोही नीट पाहू. नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायात भरतमुनी ब्रह्मदेवाला सांगतात, की सुकुमार अशी जी कैशिकी वृत्ती, ती स्त्रियांवाचून केवळ पुरुषांना नीट साधणार नाही. आणि मग ब्रह्मदेव अप्सरा निर्माण करतो. एवढेच वाचून पुस्तक मिटले, तर आक्षेपकाचा जय झाला. परंतु भरतमुनी त्याच ठिकाणी हेही सांगतात, की ही कैशिकी आपण प्रत्यक्ष पाहिली ती नीलकंठाच्या नृत्यात. म्हणजे त्या सुकुमार वृत्तीचे पहिले दर्शन शास्त्रकाराला घडले ते शंकराच्या ठायी. पुढे चौथ्या अध्यायात एकशे आठ करणांची विद्या येते, ती शिवाच्या आज्ञेने तंडूने भरताला दिली. गुरू पुरुष, शिष्यही पुरुष.

शास्त्र राहू द्या, दगड तर सर्वांना वाचता येतो. घारापुरीच्या आणि वेरूळच्या लेण्यांत नाचणारा शिव आपल्याच मुलखात उभा आहे. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात, जे इ. स. १०१० च्या सुमारास पूर्ण झाले, एकशे आठांपैकी एक्याऐंशी करणे कोरलेली आहेत आणि ती करून दाखवणारी आकृती चतुर्भुज शिवाची आहे. पुढील काळात चिदंबरमच्या गोपुरांवर हीच करणे कोरली गेली, तेव्हा ती बहुतांशी स्त्रीरूपात कोरली गेली. विद्या तीच, शरीर मात्र बदलले. यावरून एवढे तरी दिसावे, की करणाला स्वतःचे लिंग नाही.

तंजावरचे नाव निघालेच आहे, तर मराठी माणसाने एक गोष्ट अभिमानाने ध्यानात ठेवावी. आज ज्याला भरतनाट्यम म्हणतात, त्याच्या मैफलीचा क्रम, म्हणजे अलारिप्पू, जतिस्वरम्, शब्दम्, वर्णम्, पदम्, तिल्लाना, हा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ज्यांनी बसवला, ते चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू हे चौघे भाऊ तंजावरच्या मराठा दरबाराच्या आश्रयाला होते. सरफोजी राजे दुसरे यांच्या नावावर तर नृत्यासाठी रचलेली मराठी निरूपणे आहेत. ती हस्तलिखिते शोधून, समजून घेऊन पुन्हा रंगमंचावर आणण्याचे काम मुंबईच्या आचार्य पार्वतीकुमार यांनी केले आणि त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी ती नाचून दाखवली. मराठी भाषेत भरतनाट्यम आहे हे आपल्याला कळले, ते एका मराठी पुरुषाने नृत्य हे जन्माचे काम मानले म्हणून.

दक्षिणेत नृत्याचे गुरू, ज्यांना नट्टुवनार म्हणतात, ते परंपरेने बहुतकरून पुरुषच. लखनौच्या कथक घराण्यात बिंदादीन आणि कालकाप्रसाद, पुढे अच्छन, लच्छू, शंभू आणि त्यापुढे बिरजू महाराज (१९३८-२०२२) अशी पुरुषांची मालिकाच आहे. केरळची कथकली पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांनी केली. आंध्रातील कुचिपुडी गावच्या ब्राह्मण घरांतील पुरुष सत्यभामा होऊन उभे राहत. पुण्यात ज्यांनी कथकला प्रतिष्ठा मिळवून दिली, त्या रोहिणी भाटे यांचे गुरू लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर. तात्पर्य, ज्या शिक्षिकेकडे आपण मुलीला विश्वासाने पाठवतो, तिची विद्याही बहुधा कोणा पुरुषाच्या पायांतून आलेली असते.

मग नृत्य हे 'बायकांचे काम' कधी झाले? श्रोतेहो, ही समजूत फार जुनी नाही. १८९० नंतरच्या दशकात मद्रासकडे देवदासींच्या नृत्याविरुद्ध चळवळ उभी राहिली. तिच्या मुळाशी स्त्रियांच्या शोषणाविषयीची खरी कळकळ होती, पण त्या झपाट्यात कलाही बदनाम झाली. ती बदनामी धुऊन काढण्यासाठी ज्यांनी कंबर कसली, त्यांतले एक ई. कृष्ण अय्यर (१८९७-१९६८) हे वकील होते, स्वातंत्र्याच्या लढ्यातले कार्यकर्तेही होते. ते स्वतः हे नृत्य शिकले आणि स्त्रीवेश घेऊन सभांतून नाचले. या कलेत लाज वाटण्याजोगे काही नाही, हे त्यांनी स्वतःच्या देहाने पटवून दिले. त्यांच्याच पुढाकाराने मद्रासच्या म्युझिक अकॅडमीने १९३१ मध्ये परंपरागत घराण्यातील नर्तकींचा कार्यक्रम केला. १९३५ मध्ये रुक्मिणीदेवी रंगमंचावर आल्या, १९३६ मध्ये कलाक्षेत्र स्थापन झाले आणि प्रतिष्ठित घरांतील मुलींना नृत्याची वाट खुली झाली.

ही वाट खुली झाली याचा आनंदच आहे. परंतु तिच्याबरोबर एक नवा संकेतही रूढ झाला. नृत्य हे मुलीच्या सुसंस्कृतपणाचे भूषण ठरले. ते भरतकाम आणि गाणे यांच्या पंक्तीला बसले, स्थळे पाहताना सांगण्याची गोष्ट झाले. एकदा ते मुलीचे भूषण ठरल्यावर मुलाच्या वाट्याला ते दूषण म्हणूनच येणार. ज्या वकिलाने स्त्रीवेश घेऊन ही वाट मोकळी केली, त्याच वाटेवर पुढे मुलाने पाऊल टाकले, तर लोक हसू लागले.

हे केवळ आपल्याकडेच घडले असेही नाही. फ्रान्सचा राजा चौदावा लुई १६५३ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, सूर्याच्या वेशात दरबारी बॅलेत नाचला आणि १६६१ मध्ये त्याने नृत्याची अकादमी काढली. पॅरिसच्या ऑपेरात धंदेवाईक नर्तकी प्रथम आल्या त्या १६८१ मध्ये. त्यापूर्वी तेथे स्त्रियांच्या भूमिकाही पुरुषच करीत. पण पुढे एकोणिसाव्या शतकात वारे इतके फिरले, की १८७० मध्ये त्याच ऑपेरात 'कॉपेलिया' हा बॅले झाला, तेव्हा त्यातल्या तरुण नायकाची भूमिकासुद्धा एका स्त्रीने केली. पुरुषाला नाचताना पाहणे रसिकांना नकोसे झाले होते. १९०९ मध्ये रशियाहून निजिन्स्की आला, तेव्हा कोठे पॅरिसला पुरुषाच्या नृत्याची पुन्हा ओळख पटली. दोनशे वर्षांत जी समजूत अशी उलटीपालटी होते, ती निसर्गाची आज्ञा नव्हे. ती रूढी आहे, आणि रूढी माणसाने केलेली असल्याने माणसाला मोडता येते.

आता आपण तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. या लाजेला उत्तर काय द्यावे? मला दोन उत्तरे दिसतात आणि ती दोन माणसांच्या रूपाने आपल्यापुढे ठेवतो.

पहिला माणूस अमेरिकेतला, टेड शॉन (१८९१-१९७२). तो धर्मोपदेशक होण्यासाठी शिकत होता. घटसर्पाच्या दुखण्यात शरीर लुळे पडले आणि ते पुन्हा चालते करण्यासाठी व्यायाम म्हणून तो नृत्याकडे वळला, तो कायमचाच. १९२५-२६ मध्ये आपल्या मंडळींबरोबर आशियाचा दौरा करीत तो हिंदुस्थानातही आला होता. १९२६ मध्ये त्याने शिवाच्या तांडवावर स्वतःचे एक नृत्यही बसवले. १९३३ मध्ये त्याने केवळ पुरुषांचा संच उभारला. त्यातले काही जण तर शारीरिक शिक्षणाच्या महाविद्यालयातले खेळाडू होते. मॅसॅच्युसेट्समधल्या 'जेकब्स पिलो' नावाच्या शेतावर ही मंडळी राहत, लाकडे फोडत, स्वतः खोल्या बांधत आणि नाचत. १९३४ च्या त्यांच्या एका नृत्यात शेतकरी, लाकूडतोडे, दर्यावर्दी आणि यंत्रावरचे कामगार यांच्या श्रमांच्या हालचाली होत्या. सात वर्षे गावोगाव फिरून शॉनने प्रेक्षकांना पटवले, की नृत्य हे मर्दानी काम आहे. १९४० मध्ये संच मोडला, पण अमेरिकेतल्या तरुणाला वाट मिळाली. हे उपकार लहान नाहीत.

दुसरा माणूस ओरिसातल्या रघुराजपूरचा, केलुचरण महापात्र (१९२६-२००४). घर पटचित्रे काढणाऱ्यांचे. लहानपणी रासलीला करणाऱ्या मंडळीत काम केले, तरुणपणी पोटासाठी पानमळ्यात मजुरी केली, मग नाटक कंपनीत वादक आणि नर्तक म्हणून उमेदवारी केली. ओरिसात मुलांना मुलींचा वेश देऊन नाचवण्याची गोटीपुआ ही परंपरा आहे. तिचे संस्कार, देवळातील नृत्य आणि शिल्पातील भंगिमा यांतून स्वातंत्र्यानंतर ओडिसी नृत्याची जी घडी बसली, ती बसवणाऱ्यांत केलुबाबू अग्रणी होते. सन २००० मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. पण मला आज सांगायचे आहे ते पदकाविषयी नाही. सत्तरी उलटलेला हा माणूस, डोक्यावरचे केस गेलेले, अंग सुटलेले, साधे धोतर नेसून रंगमंचावर येई आणि गीतगोविंदातली राधा होई. वेश नाही, दागिने नाहीत, तारुण्य नाही. मान किंचित कलती, नजर खाली जाई आणि प्रेक्षकाला समोर म्हातारा दिसतच नसे, राधा दिसे. या माणसाने 'नृत्य मर्दानी आहे' असे सिद्ध करण्याचा यत्न केला नाही. त्याला त्याची गरजच वाटली नाही.

आपण बहुधा पहिले उत्तर देतो. मुलाचा कैवार घेताना म्हणतो, 'अहो, नटराज पुरुषच ना? नृत्याने शरीर कमावले जाते, दम वाढतो. तांडव पुरुषाचे, लास्य स्त्रीचे.' हे उत्तर सोयीचे आहे आणि थोडे खरेही आहे. पण त्यात एक अट दडलेली आहे. तू नाच, पण प्रत्येक पावलागणिक आपण पुरुष आहोत याचा पुरावा दे. लाकडे फोडून दाखव, मगच हात हळुवार हलव. अशाने हसणारा माणूस न्यायाधीश होऊन बसतो आणि नाचणारा जन्मभर आरोपी राहतो.

खरे उत्तर दुसरे आहे. सुकुमारता ही स्त्रीची मालमत्ता नाही, ती मनुष्याची आहे. हे मराठी माणसाला परक्याने शिकवण्याची गरज नाही. ज्ञानदेवांनी विरहिणीच्या तोंडून अभंग म्हटले, तुकोबांनी गौळणी रचल्या, नाथांनी भारुडांतून सासुरवाशिणीच्या तोंडून देवीला साकडे घातले. आजही मिशाळ वारकरी देवळात उभा राहून गोपीच्या शब्दांत कृष्णाला हाक घालतो, तेव्हा कोणी हसत नाही, उलट डोळे पुसतात. बालगंधर्वांना (१८८८-१९६७) तर आपण उराशी धरले. मग जे शब्दांनी केले की भक्ती आणि सुरांनी केले की कला, ते देहाने केले की थट्टा का व्हावी?

या थट्टेची किंमतही आपण पाहिली आहे. तमाशातला नाच्या आपण पिढ्यान्‌पिढ्या हसण्यासाठी ठेवला. फडावर टाळ्या आणि वेशीबाहेर कुचेष्टा अशी त्याची वाटणी केली. आनंद यादवांच्या 'नटरंग' या कादंबरीचा नायक अंगापिंडाने मजबूत, पण कलेच्या ओढीने नाच्या होतो आणि मग गाव त्याच्या माणूसपणाचेच धिंडवडे काढते. त्यावरचा चित्रपट २०१० मध्ये आला, तेव्हा तो पाहून आपण हळहळलो. परंतु पडद्यावरच्या माणसासाठी हळहळणे सोपे असते. १९५५ साली शांतारामबापूंच्या 'झनक झनक पायल बाजे'मध्ये गोपीकृष्ण नायक म्हणून नाचला, तेव्हाही प्रेक्षकांनी तो चित्रपट डोक्यावर घेतला होता. पडद्यावर जे डोक्यावर घेतले, त्याला घरात पाटसुद्धा मांडला नाही.

आता आईबापांचा एक आक्षेप उरतो आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. ते म्हणतात, 'पोट कसे भरेल?' हा प्रश्न रास्त आहे. पण तो गायकाला, चित्रकाराला, नटालाही लागू आहे. तो एकट्या नर्तकालाच विचारला जातो, तेव्हा पोटाच्या आड लाज बोलत असते. शिवाय वाटा असतात. सी. व्ही. चंद्रशेखर (१९३५-२०२४) यांनी कलाक्षेत्रात नृत्य शिकण्याबरोबरच वनस्पतिशास्त्रात पदव्या मिळवल्या आणि पुढे बडोद्याच्या विद्यापीठात नृत्यविभागाचे प्रमुखपद सांभाळले. उतारवयातही त्यांची रेषा ढळली नव्हती. केरळातल्या पय्यनूरच्या एका शाळामास्तरांचा मुलगा १९५३ मध्ये कलाक्षेत्रात दाखल झाला, तो पुढे व्ही. पी. धनंजयन् म्हणून सर्वांना माहीत झाला. १९६८ मध्ये त्याने पत्नी शांता यांच्यासह स्वतःची नृत्यसंस्था काढली. ही माणसे नृत्यावरच जगली, सन्मानाने जगली. अर्थात प्रत्येकाला हे साधेल असे नाही; पण वकिली शिकलेल्या प्रत्येकाला तरी कोठे साधते?

आणि ज्याला पोटासाठी नाचायचे नाही, केवळ मनासाठी नाचायचे आहे, त्याला तर हा प्रश्नही लागू नाही. तो कचेरीतून सुटून तासभर वर्गात जाऊ इच्छितो, एवढेच. त्याला अडवणारी गोष्ट पैसा नसते, वेळही नसतो. बोहोरी आळीतून घुंगरांची पिशवी घेऊन येताना ओळखीचे कोणी भेटले तर काय सांगायचे, ही असते.

श्रोतेहो, प्रत्येक मुलाने नाचावे असा माझा आग्रह नाही. आग्रहाने नृत्य येत नाही. माझे मागणे फार थोडे आहे. आपल्या गावातल्या नृत्याच्या कार्यक्रमाला आपण जाता, तेव्हा रंगमंचावर मुलगा आला, तर मुलीला जेवढा वेळ देता तेवढाच त्यालाही द्या. त्याच्या हातांकडे, पायांकडे, तालाकडे पाहा. तो कोण आहे याचा तर्क करीत बसू नका. चुकला तर चुकला म्हणा, चांगला नाचला तर चांगला म्हणा, पण 'मुलगा असून' हे दोन शब्द गाळा. आणि घरातल्या मुलाने कधी ते अवघड वाक्य उच्चारले, तर लगेच हो म्हणण्याची गरज नाही. विचार करा, चौकशी करा, खर्चाचा हिशोब मांडा. एवढे मात्र सांभाळा, की पहिले उत्तर हसणे नसावे.

कारण मुले ते हसू विसरत नाहीत. पुढे ती इंजिनिअर होतात, बँकेत लागतात, संसार नीट करतात. पण देहात जो ताल होता, तो त्या दिवशी घाबरून बसलेला असतो, तो पुन्हा उठत नाही. समाजाच्या जमाखर्चात हे नुकसान कोठेच लिहिले जात नाही, म्हणून ते झालेच नाही असे मात्र कोणी समजू नये. ते आपल्या हातून होऊ नये, एवढे पाहणे आपल्या सर्वांच्या हाती आहे.